खट्टीच्या गाण्यातली रिकामी जागा

हैदराबादला आठवडाभर राहून चारमिनार न बघता परत आलेली परभणीतली मी पहिलीच बाई असेन. आल्यापासून गल्ली मला सोडत नाही. बिर्याणी खाल्ली का, मोती आणले का, चारमिनारवर चढू देतात का? मी म्हणते, बायांनो, मी भाचीचं गाणं ऐकायला गेले होते. मग पुढचा प्रश्न येतो, "कशी गाते?" इथे माझी गाडी अडते. जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढला. रोग्याला, डॉक्टरला, डॉक्टरच्या बायकोलासुद्धा मी कधी गोलमाल उत्तर दिलं नाही. पण या एका प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

मला तिकडे बोलावलं होतं ते निवाडा करायला. माझा धाकटा भाऊ मिलिंद रेल्वेत आहे, तारनाक्याला क्वार्टरमध्ये राहतो. त्याची मुलगी सुजाता इंजिनिअर झाली आणि रॅप करायला लागली. रॅप म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आता अर्धवट ठाऊक आहे, आणि अर्धवट जास्त त्रासदायक असतं. झालं असं की एका चांगल्या कंपनीनं तिला सोमवारपासून कामावर बोलावलं, आणि त्याच आठवड्यात कुणीतरी तिला हिवाळाभर गावोगाव कार्यक्रम करायला विचारलं. दोन्ही जमणार नव्हतं. बापलेकीचं बोलणं बंद झालं. शेवटी मिलिंदचा फोन आला, "आक्का, तू ये. तू ऐक. तू म्हणशील ते फायनल." मागून पोरगी ओरडली, "आत्या बोलेगी तो मैं मान लेतिऊं!"

माझाच शब्द का, तर आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची, गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत एका रात्रीत दोन-दोन गावं व्हायची. दादा मुख्य गायक, मिलिंद ढोलकीवर, आणि मी कोरसला. कोरसचं काम ऐकायला सोपं वाटतं. गायकाचा दम संपतो तिथे आपला सुरू करायचा, ओळ दोनदा फिरवायची आणि तोडून त्याच्या हातात परत द्यायची. ओळ खाली पडली तर गुन्हा गायकाचा नाही, कोरसचा, असं दादा सांगायचे. मी माझ्या काळात एकही पडू दिली नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण सांगायला आता मिलिंदशिवाय पार्टीतलं कुणी उरलं नाही.

तारनाका

प्रवासाचं काही सांगण्यासारखं नाही. गाडी उशिरा आली, उशिरा पोचली. मिलिंद स्टेशनवर आला होता. रस्त्यानं जाताना मध्येच इमारतींच्या मागे हे भले मोठे खडक दिसत होते, एकावर एक ठेवलेले. कुणी ठेवले विचारलं तर म्हणाला, आधीपासूनच आहेत, शहर नंतर आलं.

घरी भावजय सुनंदानं अंबाडीची भाजी केली होती. आपण अंबाडी भाकरीबरोबर, वरून लसणाची फोडणी घालून खातो. तिकडे तिला गोंगुरा म्हणतात, तिची तेलकट, जहाल पचडी करतात आणि गरम भातात कालवतात. सुनंदा मूळची नांदेडची, पण इतकी वर्षं तिकडे राहून तिचा हात बाटला आहे. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते बघून तिच्याही आलं, तिला वाटलं मला माहेर आठवलं.

तेवढ्यात सुजाता आली. डोक्याची एक बाजू पार भादरलेली, दुसरीकडे खांद्यापर्यंत केस. मी धास्तावले.

"टाके पडले का गं? कुठं आपटलीस?"

"नक्को ना आत्या, स्टाइल है!" असं म्हणून ती गळ्यातच पडली.

तिचं गाण्यातलं नाव एमसी खट्टी. आमच्या वॉर्डात एमसी म्हणजे बायकांची पाळी, दुसरा अर्थ मला माहीत नव्हता, त्यामुळे मी विषय बदलला. नंतर कळलं की रॅपवाले नावाआधी ते लावतात, आपल्याकडे शाहीर लावतात तसं. खट्टी का, तर तिच्या आईची खट्टी दाल. त्यावरच तिनं पहिलं गाजलेलं गाणं केलं होतं.

जेवताना एक नवलच पाहिलं. बाप आणि लेक समोरासमोर बसलेले, पण सगळं बोलणं सुनंदामार्फत. "आई, पप्पांना बोल, उद्या पाणी येणार नाही." पप्पा हातभर अंतरावर. "तिला सांग, मला माहीत आहे." बिचारी सुनंदा दोन्हीकडे मान वळवून थकली होती. मी आल्याचा तिला सगळ्यांत जास्त आनंद झाला, कारण आता ती पाळी माझी होती.

विद्यानगर

दुसऱ्या दिवशी सुजातानं मला स्कूटरवर बसवून विद्यानगरला नेलं. या वयात स्कूटरवर दोन्हीकडे पाय टाकून बसणं म्हणजे एक प्रकरण असतं, त्याविषयी मी जास्त लिहीत नाही. तिच्या कॉलेजजवळ एक इराणी हॉटेल आहे. चहा एवढासा देतात पण तो जिभेवर दिवसभर राहतो, आणि सोबत खारट-गोड उस्मानिया बिस्किट. आपल्याकडे चहात बुडवलेलं बिस्किट मोडून पडतं. हे पडत नाही.

तिथे तिनं मला तिची सगळी कारकीर्द सांगितली. सुरुवात मैत्रिणींच्या हॉस्टेलच्या गच्चीवर, त्यांच्यासमोर. मग एका कॉफीच्या दुकानात, जिथे लोक समोर बटाट्याचे काप खात बसायचे आणि गाणाऱ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मग व्हिडिओ, मग खट्टी दाल. ती दखनीत गाते, मध्ये तेलुगू घालते, आणि अधूनमधून मराठी.

"मराठी कळतं का इथल्या लोकांना?"

"नाही कळत. पण आवाज आवडतो त्यांना."

"आणि तुला लिहायला येतं?"

"बोलते ना. लिखने का तो फोन में इंग्लिश अक्षर में लिखतिऊं." हे म्हणताना ती जरा ओशाळली.

मग तिनं त्यांच्या एका प्रकाराबद्दल सांगितलं. दोघं समोरासमोर उभे राहतात आणि यमक जुळवून एकमेकांचा उद्धार करतात. एक पोरगा तिच्या केसांवरून, रंगावरून, आईवरून तिला टाकून बोलला. मी कपबशी खाली ठेवली.

"मग तू काय केलंस?"

"मैं उससे जास्त बोली. लोगां पागल हो गए. फिर दोनोंने चाय पी, इधरीच."

मला एकदम हायसं वाटलं. हा तर आमचा सामना! दोन पार्ट्या समोरासमोर, सवालाला जवाब, रात्रभर एकमेकांची सालं काढायची आणि सकाळी एकाच पंगतीला बसायचं. हे मला समजतं, असं मी मनाशी म्हटलं. हैदराबादेत मला काहीतरी समजलं असं वाटलं ते पहिल्यांदा, आणि तिथूनच माझी वाट चुकली.

चिक्कडपल्ली

त्यांचा सराव चिक्कडपल्लीच्या बाजारात एका लोणच्याच्या दुकानावरच्या खोलीत चालतो. जिना चढताना आंब्याच्या लोणच्याचा वास, आणि वर दार उघडलं की भिंतींना काळ्या गाद्या ठोकलेल्या. तबला नाही, पेटी नाही. एक लॅपटॉप आणि सुजाताचा साथीदार फैजल. भला पोरगा. मला खुर्ची पुसून दिली.

"तू काय वाजवतोस बाळा?" मी विचारलं.

"बजाता नहीं आंटी. बीट ये मशीन बजाता. मैं इनके पीछे रहतौं. इनो साँस लेते वक्त लफ्ज छूटता ना, वो मैं उठातौं."

मी टुणकन उठून उभी राहिले. "म्हणजे तू कोरस!"

"हौ, समझो वैसाइच."

मग काय, मला रान मोकळं मिळालं. सुजाताचा वेग असा की शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून पळत होते. निम्मे मला कळले नाहीत, उरलेल्यांतले निम्मे कळले नसते तर बरं झालं असतं. पण फैजल कुठे उचलतो ते मी बरोबर धरत होते. दोनदा त्याला सांगितलं, अरे, उशीर करतोस, तिनं दम सोडायच्या आत पकड. त्यानं तसं केलं आणि हसून कानाला हात लावला. सुजातापण खूश.

"एक नवीन गाणं आहे," ती म्हणाली. "आजाचं. ते आज नाही ऐकवत. परवा स्टेजवरच ऐक. तू बाजूला बसून फक्त ऐकायचं, काय?"

आजा म्हणजे आमचे दादा. ती दोन वर्षांची असताना गेले. तिला त्यांचं काय आठवणार, असं माझ्या मनात आलं, पण मी विचारलं नाही. खाली येऊन आम्ही मिरचीभजी खाल्ली, त्यात चिंच भरलेली होती.

कार्यक्रम

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी, शहराच्या पश्चिमेला होता. तिकडे खडक फोडून काचेच्या इमारती उभ्या केल्यात, त्यांच्या मधल्या मोकळ्या आवारात. मिलिंद आला नाही. "तू ऐकून ये," एवढंच म्हणाला आणि पेपरमध्ये तोंड घातलं. सुनंदा त्याच्याजवळ थांबली.

दारात एका मुलीनं माझ्या मनगटाला कागदी पट्टा चिकटवला, दवाखान्यात भरती करताना बांधतो तसाच. आत गेले तर खुर्च्याच नाहीत. हजारभर पोरंपोरी उभी. दीपप्रज्वलन नाही, पाहुणे नाहीत, शाल-श्रीफळ नाही, वंदनगीत नाही. आपल्याकडे भाषणं संपेपर्यंत लहान मुलं झोपून जातात. इथे सुजाता धावत आली, "हैदराबाद, आवाज किधर है?" म्हणाली आणि सुरूच झालं. मला स्टेजच्या कडेला एका काळ्या पेटाऱ्यावर बसवलं होतं, फैजलपासून चार हातांवर. ठोका कानात नाही, थेट बरगड्यांत वाजत होता. मी स्वतःची नाडी धरून पाहिली.

पण पोरांचं काय सांगू! हिचा एकेक शब्द त्यांना पाठ. ती ओळीच्या शेवटी मुद्दाम थांबायची, माईक लोकांकडे धरायची, आणि हजार तोंडांतून उरलेला शब्द यायचा. खट्टी दालच्या गाण्याला तर तिनं निम्मं गाणं त्यांच्याकडूनच म्हणवून घेतलं. मी मनात हिशेब मांडला. गायक थांबला की बाकीच्यांनी भरायचं. नियम तोच, फक्त कोरस मोठा. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. ही आमच्याच घरातली पोर आहे असं वाटलं.

मग दिवे मंद झाले. ती म्हणाली, "ये मेरे आजा का गाना है." ठोका अगदी हळू झाला आणि तिनं सुरू केलं.

"आजा मेरा गाता था, गाँव सारा आता था,
पेटीवाला रुकता था जब साँस वो उठाता था.
एक दिन आवाज गई, कोई नहीं जानता था,
मंच पे खड़ा आजा मेरा…"

आणि ती थांबली. ठोकाही थांबला.

मी वाट पाहिली. लोक गप्प होते. त्यांना कुठून येणार, गाणं नवं होतं. फैजलकडे बघितलं तर तो माईक खाली सोडून जमिनीकडे बघत उभा. हा पोरगा झोपला की काय! सुजाता मान खाली घालून उभी, ओठ हलत होते पण आवाज नाही. विसरली, माझी पोर ओळ विसरली. ओळ खाली पडत होती. आणि मी माझ्या जागेवरून उठून उचलली.

"उजेड आला गं दारी, उजेड आला दारी,
आता कशाला राहू मी अंधाराच्या घरी…"

दादांच्या शेवटच्या वर्षांतलं गाणं. त्यांचा घसा गेला होता. ते मंचावर उभे राहून नुसते ओठ हलवायचे आणि मी मागून सगळं गाणं ओढून न्यायचे. आमच्या वेळी माईक एकच, तोही दादांपुढे, त्यामुळे कोरसला घशाची ताकद लागायची. ती अजून आहे, हे मलाही तेव्हाच कळलं. फैजल दचकला, मग धावत आला आणि त्याचा माईक माझ्या तोंडासमोर धरला. मी शिस्तीत दोनदा फिरवलं, तोड घेतली आणि सुजाताला हातानं खूण केली, घे.

तिनं घेतलं नाही. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. खाली गहजब झाला होता, पोरं शिट्ट्या मारत होती, सगळ्यांचे फोन वर. शेवटी मागे लॅपटॉपवर बसलेल्या पोरानं घाईघाईत ठोका सुरू केला, तिनं कसंबसं शेवटचं कडवं म्हटलं आणि आत निघून गेली. लोक "आंटी, आंटी" ओरडत होते. मी वाकून नमस्कार केला. मला वाटलं मी तिला वाचवलं.

मागे गेले तर ती पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर बसून रडत होती.

"अगं, विसरतो माणूस. मी होते ना."

"मी विसरले नव्हते आत्या." तिनं डोळे पुसले. "वो खाली जगा थी ना, वोइच गाना था."

"म्हणजे?"

"आजा उभे आहेत, आवाज नाही. लोकांना ऐकायला पाहिजे होतं की काहीच ऐकू येत नाही. मैं फैजल को बोली थी, कुछ नक्को उठा. आणि तू येऊन भरलीस."

"रिकामी जागा भरायलाच असते गं."

"हर एक नहीं." मग तिनं जरा थांबून विचारलं, "तेव्हा पण तूच भरलीस ना? पप्पा सांगतात. आजाचा आवाज गेला ते कोणाला कळलंच नाही."

नाहीच कळलं. आम्ही तर त्याची फुशारकी मारायचो. दादांची लाज राखली म्हणून गावोगावच्या बाया माझ्या हाताला धरून कौतुक करायच्या. आणि ही पोर त्याबद्दल मला असं विचारत होती जसं काही मी दादांचं काहीतरी झाकून ठेवलं. बाहेर हजार माणूस टाळ्या वाजवत होतं आणि इथे ज्या गाण्याला टाळ्या पडल्या ते बिघडलं म्हणून गाणारी रडत होती. मला काहीच उमजेना. मला राग आला, मग वाईट वाटलं, मग पुन्हा राग आला. फैजलनं आम्हा दोघींना गाडीत बसवलं.

रविवार

सकाळी उठले तर मिलिंद फोन घेऊन बसलेला. कुणीतरी माझं गाणं टाकलं होतं आणि ते गावभर फिरत होतं.

"आक्का, आवाज तसाच आहे गं!" त्यानं ते पुन्हा लावलं, मग पुन्हा. मी चष्मा लावून पाहिलं. मी तोंड वासून गातेय, फैजल माईक धरून उभा, आणि माझ्या मागे सुजाता. गप्प उभी. मिलिंदचं तिच्याकडे लक्षही गेलं नाही. तो मांडीवर ठेका धरून माझाच आवाज ऐकत होता.

दुपारी सुनंदानं खिचडी, खिमा आणि चिंचेचा खट्टा केला. आपण खिचडी आजाऱ्याला देतो. हे लोक सकाळी-सकाळी ती खिम्याबरोबर खातात, पण आमच्याकडे त्या दिवशी सकाळचं जेवण लांबत दुपारवर गेलं, कारण कुणालाच ताटावर बसायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

बसलो. मिलिंदनं पहिला घास घ्यायच्या आधीच म्हटलं, "आक्का, आता सांग."

माझं उत्तर तयार होतं. ते लपवून काय करू? नोकरी धर, हेच उत्तर होतं. टाळ्यांनी चूल पेटत नाही, हे ज्या घरात पगार नव्हता तिथल्या पोरीला सांगावं लागत नाही. मला पहिला पगार मिळाला तेव्हा दादांनी त्या नोटांकडे नुसतं बघितलं होतं, हात लावला नव्हता. मी तोंड उघडलं.

सुजाता माझ्याकडे बघत होती. काल रात्रीचा राग तिच्या तोंडावर नव्हता. ती फक्त वाट बघत होती, जे येईल ते ऐकायला. सुनंदा वाढता वाढता थांबली. ओळ खाली पडत होती आणि माझी जीभ जन्माच्या सवयीनं टाळूला लागली होती.

मी पाण्याचा तांब्या उचलला आणि तोंडाला लावला.

"आक्का?"

मी पीतच राहिले. तांब्या मोठा होता हे माझं नशीब. कशासाठी पीत होते ते तेव्हाही नीट ठाऊक नव्हतं, आताही नाही. बरोबर केलं की पोरीचं नुकसान केलं, देव जाणे. मिलिंदनं थोडा वेळ माझ्या घशाकडे पाहिलं. मग दुसरं कुणी बोलणारं उरलं नाही म्हणून त्यानं मान वळवली आणि, इतक्या दिवसांनी, लेकीकडे बघितलं.

"पप्पा," ती म्हणाली. एकही दखनी शब्द न घालता म्हणाली. "मी उद्या नाही जाणार. मला भीती वाटते. तरी नाही जाणार."

सुनंदाच्या हातातला डाव खिचडीत पडला. मिलिंदनं ताटातला खट्टा बोटानं ढवळला, दोन-तीनदा घसा खाकरला. मला वाटलं, आता उठेल आणि जाईल.

"ते दादांचं गाणं," तो म्हणाला. "मला ऐकव." मग माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्याशिवाय."

सुजातानं उष्टा हात ताटाच्या कडेला टेकवला आणि म्हणायला सुरुवात केली. ठोका नाही, माईक नाही, अगदी हळू. आजा मेरा गाता था. पेटीवाला रुकता था. आवाज गई. मंच पे खड़ा आजा मेरा. आणि ती थांबली.

मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले. खालून तारनाक्याच्या रस्त्यावरून एक बस गेली, तिचाही आवाज विरला. मिलिंद मान खाली घालून बसला होता, मांडीवर ठेका नव्हता. दादांचा आवाज गेला होता, हे आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.